रुस्तम पाशा मशिदीतील टाइलकाम कसे पाहावे : सीमाभागातून इस्तंबूलला जाणाऱ्यांसाठी

बेळगाव, निपाणी किंवा कोल्हापूरहून तुर्कस्तानला जाणाऱ्या बहुतेक सहलींमध्ये इस्तंबूलच्या वाट्याला दोन-तीन दिवस येतात आणि त्यांत सुलतान अहमद मशीद, म्हणजे जिला सगळे निळी मशीद म्हणून ओळखतात ती, हमखास असते. तिथून ट्रामने अवघ्या तीन थांब्यांवर, मसाल्याच्या बाजाराला लागून असलेली रुस्तम पाशाची मशीद मात्र त्या कार्यक्रमात क्वचितच दिसते. ज्यांना ऑटोमन, म्हणजे जुन्या तुर्की साम्राज्याच्या, काळातील टाइलकाम नीट पाहायचे आहे, त्यांनी हा प्राधान्यक्रम उलटा करावा, असे माझे मत आहे. निळ्या मशिदीत २०,००० हून अधिक टाइल्स आहेत, परंतु त्यांतील उत्तमोत्तम टाइल्स वरच्या सज्जात, सामान्य पर्यटकाच्या नजरेपासून दूर बसवलेल्या आहेत. रुस्तम पाशाच्या मशिदीत त्या थेट आपल्या डोळ्यांच्या पातळीवर असतात आणि हातभर अंतरावर उभे राहून एकेक फूल, एकेक सांधा न्याहाळता येतो. पुढील मार्गदर्शन म्हणूनच मुख्यतः या लहान मशिदीविषयी आहे. निळ्या मशिदीचा विचार ओघाने येईल.

रुस्तम पाशा हा सुलतान सुलेमानचा मुख्य वजीर आणि जावई होता. सुलेमान व हुर्रेम यांची कन्या मिहरिमाह ही त्याची पत्नी. १५४४ ते १५५३ आणि पुन्हा १५५५ पासून १५६१ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने वजिरी सांभाळली, अफाट संपत्ती जमवली आणि हात आखडता घेणारा म्हणून नावही कमावले. त्याच्या नावाची ही मशीद साधारण १५६१ ते १५६३ या काळात, म्हणजे बहुतांशी त्याच्या पश्चात, उभी राहिली. वास्तुकार होता मिमार सिनान. सिनान टाइल्स वापरताना एरवी फार काटकसर करीत असे. वरच्या टेकडीवरील त्याच्या भव्य सुलेमानिये मशिदीत, जी १५५७ मध्ये पूर्ण झाली, टाइल्स केवळ मक्केच्या दिशेच्या भिंतीवर आहेत. रुस्तम पाशाच्या मशिदीत मात्र भिंती, खांब, मेहराब (मक्केची दिशा दाखवणारा भिंतीतील कमानीचा कोनाडा) आणि बाहेरची ओसरी असे जवळपास सर्व काही टाइल्सने मढवलेले आहे आणि त्यांत सुमारे ८० वेगवेगळे नमुने आढळतात. सिनानच्या इतर कामांशी हे इतके विसंगत आहे की काही जाणकारांना ते अतिरेकी वाटते. माझे मत तसे नाही, पण तो आक्षेप मनात ठेवून आत जाणे चांगले, कारण त्यामुळे आपण नुसते थक्क न होता तपासून पाहू लागतो.

तयारी बिदरला

या प्रवासाची पहिली पायरी कर्नाटकातच आहे. बहमनी राज्याचा वजीर ख्वाजा महमूद गावान हे नाव बेळगावकरांना परके नाही, कारण १४७२-७३ च्या सुमारास बेळगावचा किल्ला बहमनी राज्यात गेला तो त्याच्याच कारकिर्दीत. त्याच गावानने १४७२ मध्ये बिदरला बांधलेल्या मदरशाचा दर्शनी भाग रंगीत टाइल्सनी सजवलेला होता. पुढे १६९६ मध्ये बंदुकीच्या दारूच्या स्फोटात इमारतीचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला, तरी उरलेल्या मिनारावर आणि भिंतीवर निळ्या, पांढऱ्या व पिवळ्या टाइल्सचे अवशेष अजून टिकून आहेत. गावान मूळचा इराणमधील गिलानचा, आणि ऑटोमन सुलतान दुसरा मेहमेद याच्याशी त्याचा पत्रव्यवहार होता. या मेहमेदने इस्तंबूलमध्ये बांधलेला टाइल्सचा महाल, ज्याला तिकडे चिनिली कोश्क म्हणतात, तोही १४७२ चाच आहे. म्हणजे एकमेकांना पत्रे लिहिणाऱ्या दोन माणसांच्या इमारती, एकाच वर्षातल्या आणि दोन्ही इराणी वळणाच्या टाइलकामाने नटलेल्या, एक आपल्याच राज्यात आणि दुसरी इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयाच्या आवारात उभी आहे.

बिदरला गेल्यावर दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे. ऊन-पावसाला उघड्या असलेल्या टाइल्सची झिलई कुठून सुटू लागते, हे पाहावे. दुसरे म्हणजे, नक्षी एका टाइलवर संपते की शेजारच्या टाइलवर पुढे चालू राहते, हे ताडून पाहावे. ही नजर एकदा बसली की इस्तंबूलमध्ये पहिला अर्धा तास वाया जात नाही. विजापूरचा गोलघुमट पाहून जाणाऱ्यांनी मात्र मोठ्या आकाराची अपेक्षा घरी ठेवून निघावे. गोलघुमटाचा आतील व्यास सुमारे ३८ मीटर आहे, तर रुस्तम पाशा मशिदीच्या घुमटाचा जेमतेम १५ मीटर.

कागदपत्रे आणि प्रवास

पारपत्रासाठी बेळगावात टपाल खात्याच्या सहकार्याने चालणारे सेवा केंद्र आहे. चंदगड, गडहिंग्लजकडील लोक कोल्हापूरला जातात. सीमाभागातील माणसाने इथे एक दक्षता घ्यावी. जुन्या दाखल्यांवर शहराचे नाव एक असते आणि २०१४ च्या नामांतरानंतरच्या कागदांवर दुसरे; मराठी शाळेच्या दाखल्यावरील आडनावाची इंग्रजी अक्षरे एक असतात आणि कन्नडमधून आलेल्या सरकारी नोंदीवर वेगळी. शहराच्या नावावरून सहसा अडत नाही, आडनावावरून अडू शकते. विमानाचे तिकीट आणि व्हिसाचा अर्ज यांवरील नाव पारपत्रावरील नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे.

भारतीय नागरिकांना तुर्कस्तानसाठी व्हिसा लागतो. अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन देशांचा चालू व्हिसा अथवा वास्तव्याचा परवाना ज्यांच्याकडे आहे, त्यांना ई-व्हिसा मिळू शकतो. इतरांनी व्हिसा केंद्रामार्फत अर्ज करून पारपत्रावर चिकटवला जाणारा व्हिसा घ्यावा लागतो. महामार्गाने पुणे-मुंबई गाठून तिथून जाणे सीमाभागातील लोकांना सवयीचे आहे. गोव्याहून आखाती शहरामार्गे जाण्याचाही विचार करता येतो. दोन्ही देशांतील राजकीय संबंधांचा परिणाम विमानसेवांवर होत असतो, म्हणून तिकीट काढण्याच्या आठवड्यातच चौकशी करावी, महिनोन्महिने आधी ऐकलेल्या माहितीवर विसंबू नये. इस्तंबूलचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते.

सहल कंपनीबरोबर जाणार असाल तर पैसे भरण्यापूर्वीच एक सकाळ मोकळी मागून घ्यावी. बाजारात खरेदीसाठी दिलेला वेळ हाच या मशिदीसाठी वापरता येतो, कारण ती बाजारातच आहे. बसमधील मंडळी केशर आणि सुका मेवा घेत असताना तुम्ही पाचशे पावले पुढे जाऊन परत येऊ शकता. अर्थात तेवढ्यात टाइल्स नीट पाहून होणार नाहीत, पण मुळीच न पाहण्यापेक्षा ते बरे.

वेळ कशी निवडावी

ही चालती मशीद आहे. आत जाण्यासाठी तिकीट नाही, पण नमाजच्या वेळी पर्यटकांनी बाहेर थांबायचे असते. नमाजच्या वेळा सूर्यावर ठरत असल्याने ऋतूनुसार बदलतात. दुपारची नमाज मात्र वर्षभर एक वाजण्याच्या आसपास असते. बाजारातील दुकानदार, हमाल आणि गिऱ्हाईक या नमाजसाठी मोठ्या संख्येने येतात, त्यामुळे साडेबारा ते दोन हा काळ सोडून द्यावा. शुक्रवारी दुपारची नमाज सामुदायिक आणि प्रवचनासह असते, म्हणून शुक्रवारची सकाळ या कामासाठी निवडूच नये. निळ्या मशिदीत तर शुक्रवारी दुपारी अडीचच्या सुमारापर्यंत पर्यटकांना प्रवेशच नसतो.

प्रकाशाचा विचार यापेक्षा महत्त्वाचा आहे आणि त्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. इस्तंबूलहून मक्का आग्नेयेला आहे, त्यामुळे मेहराबाची भिंत आग्नेय दिशेला येते. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास त्या भिंतीच्या खिडक्यांतून ऊन थेट समोरून डोळ्यांवर येते आणि तिच्यावरील टाइल्स काळपट दिसतात. त्याच वेळी विरुद्ध बाजूच्या भिंती आणि खांब मात्र उजळून निघतात. दुपारी अडीच-तीननंतर प्रकाशाची दिशा बदलते आणि मेहराबाकडे पाहणे सुखाचे होते. वायव्येकडे तोंड असलेली ओसरी दिवसभर सावलीत असते आणि उन्हाळ्यात मावळतीच्या सुमारास तिच्यावर तिरपे ऊन येते. शक्य असेल तर सकाळी दहा ते बारा आत जाऊन खांब व बाजूच्या भिंती पाहाव्यात, नमाजच्या वेळेत बाजारात जेवण उरकावे आणि अडीचनंतर पुन्हा येऊन मेहराब पाहावे. ढगाळ दिवस असेल तर तो टाइल्ससाठी उत्तम समजावा, कारण झिलईवर चमक पडत नाही आणि रंग खरे दिसतात.

पोशाख आणि वागणूक

स्त्रियांनी डोके, खांदे आणि पाय झाकलेले असावेत. सलवार-कमीज आणि मोठी ओढणी हा सर्वांत सोयीचा वेश आहे. साडी नेसून जाण्यास हरकत नाही, मात्र पदर डोक्यावरून घेतला की कंबर उघडी पडते, म्हणून वर शाल घ्यावी किंवा लांब पोलके घालावे. पुरुषांनी गुडघ्याच्या वर येणारी अर्धी चड्डी टाळावी. चपला-बूट दारातच काढायचे असतात. ते ठेवण्यासाठी कप्पे असतात, तरी सोबत कापडी पिशवी असल्यास बरे. आत सगळीकडे गालिचा असल्याने पायमोजे स्वच्छ असावेत. हिवाळ्यात ते जाडही असावेत.

नमाज पढणाऱ्या माणसाच्या समोरून जाऊ नये, हा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. नमाजची वेळ नसतानाही कोणीतरी कोपऱ्यात एकटाच नमाज पढत असतो. पर्यटकांसाठी मागील भाग राखलेला असतो आणि पुढे अडसर किंवा दोर असतो, तो ओलांडू नये. छायाचित्रे काढता येतात, पण फ्लॅश बंद ठेवावा आणि माणसांवर कॅमेरा रोखू नये. टाइल्सना हात लावू नये. बोटांच्या तेलकटपणाने एका दिवसात काही बिघडत नाही, पण साडेचारशे वर्षांच्या भिंतीला रोज शेकडो हात लागत राहिले तर काय होते, हे खालच्या ओळींतील काही टाइल्सच्या कडांवर दिसते. लहान मुलांना हे आधीच समजावून सांगावे.

सोबत छोटी दुर्बीण न्यावी. नाटकाला नेतात तेवढी साधी दुर्बीणही पुरे; वरच्या सज्जांच्या आणि कमानींच्या टाइल्स तिच्याशिवाय केवळ निळा रंग म्हणूनच लक्षात राहतात.

वाट

ट्रामच्या टी-१ मार्गावर एमिनोन्यू येथे उतरावे. समोर मोठी येनी मशीद आणि तिच्यामागे मसाल्याचा झाकलेला बाजार दिसतो. बाजारातून आत शिरून पश्चिमेच्या दारातून बाहेर पडले की हासिरजिलार नावाचा अरुंद रस्ता लागतो. बेळगावच्या रविवार पेठेतून सकाळी हातगाड्या आणि पोत्यांच्या थप्प्या चुकवत जाण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना हा रस्ता तसाच वाटेल. कॉफी भाजल्याचा वास, चीज-ऑलिव्हची दुकाने, लाकडी चमचे आणि प्लास्टिकचे डबे यांच्यामधून काही मिनिटे चालल्यावर मशीद येते, पण ती दिसत नाही. रस्त्यावरून दिसतात त्या फक्त दुकानांच्या रांगा.

याचे कारण सिनानच्या योजनेत आहे. गजबजलेल्या बाजारात जागा कमी होती, म्हणून त्याने खाली कमानींची दुकाने व गोदामे बांधून त्यांवर उंच जोते उभारले आणि मशीद त्या जोत्यावर बसवली. दुकानांच्या भाड्यातून मशिदीचा खर्च निघावा, ही त्यामागची सोय. आपल्याकडे देवस्थानांच्या गाळ्यांचे भाडे देवाच्या नावे जमा होते, तोच व्यवहार. म्हणून रस्त्यावर घुमट शोधत बसू नये. नावाची पाटी आणि दुकानांमधील कमानीतून वर जाणारा अंधारा, वळणाचा जिना शोधावा. वजूचे, म्हणजे नमाजपूर्वी हातपाय धुण्याचे, नळ खाली रस्त्याच्या पातळीवरच आहेत. जिना चढून वर आले की अचानक मोकळे अंगण लागते आणि बाजाराचा गलका खाली राहतो. मशीद बाहेरून एकसंध पाहायची असेल तर ती गलाता पुलावरून किंवा फेरीबोटीतून पाहावी.

ओसरीत

लगेच आत जाऊ नये. दारासमोर पाच लहान घुमटांची ओसरी आहे आणि तिच्यापुढे खांबांवर पेललेली उतरत्या छपराची आणखी एक पडवी आहे. मुख्य दाराच्या डाव्या हाताला, ओसरीच्या भिंतीवर टाइल्सचा एक मोठा फलक आहे. त्यातील रंग लक्षपूर्वक पाहावेत: मळकट, राखाडी छटेचा हिरवा आणि वांग्याच्या सालीसारखा गडद जांभळा. हे रंग, जिथे या टाइल्स बनत त्या इझनिक गावच्या कारागिरांनी लाल रंग साधण्यापूर्वीच्या काळातले आहेत. हे पाहून आत गेले की पहिल्याच भिंतीवर तांबडा रंग भेटतो, आणि दाराच्या एका उंबरठ्यावर टाइलच्या इतिहासातील दोन टप्पे शेजारी-शेजारी आल्याचे कळते. ओसरीतील टाइल्स सर्वच मूळ जागी नाहीत. १६६० च्या मोठ्या आगीत आणि नंतरच्या भूकंपांत या मशिदीची हानी झाली, दुरुस्त्या झाल्या आणि हाती लागतील त्या टाइल्स मोकळ्या जागी बसवल्या गेल्या. कुठे नक्षीचे अर्धे फूल शेजारच्या टाइलवर पुरेच होत नाही, कुठे काठाची पट्टी मध्येच तुटते. वडगाव-खासबागच्या विणकर घरातील कोणी सोबत असेल तर त्याला किंवा तिला हे सांधे आधी पाहू द्यावेत. नक्षी कुठे फिरून येते आणि कुठे चुकते, हे त्या डोळ्यांना चटकन कळते.

आत

आत शिरल्यावर आधी मागच्या बाजूला गालिच्यावर पाच-दहा मिनिटे स्वस्थ बसावे. आठ आधारांवर घुमट पेललेला आहे: चार मोकळे अष्टकोनी खांब आणि चार भिंतींतून पुढे आलेले. दोन्ही बाजूंना सज्जे आहेत. ही रचना ध्यानात आली की टाइल्स कुठे कशासाठी लावल्या आहेत, ते उमगते. सलग भिंतींवर एकच नमुना पुन्हा पुन्हा येतो, खांबांवर दुसराच, आणि मेहराबात मात्र फुलदाण्यांची स्वतंत्र रचना अनेक टाइल्सवर पसरलेली आहे. पहिल्या प्रकारात कारागिराने एकच टाइल शेकडो वेळा बनवायची असते; दुसऱ्यात प्रत्येक टाइलची जागा ठरलेली असते आणि भट्टीत एक तडकली तरी तीच पुन्हा घडवावी लागते. म्हणून मेहराबाजवळ अधिक वेळ द्यावा.

टाइल बनते कशी, हे माहीत असल्यास पाहणे बदलते. या टाइल्स इझनिक या गावी बनत, जे प्राचीन काळी निकिया म्हणून प्रसिद्ध होते आणि इस्तंबूलच्या आग्नेयेला सरोवराकाठी आहे. नमुने इस्तंबूलच्या दरबारी चित्रशाळेत रेखले जात आणि इझनिकला पाठवले जात. खानापूरला कुंभारकाम शिकवणारी खादी-ग्रामोद्योगाची संस्था आहे आणि त्या भागातल्या लोकांना माती, चाक आणि भट्टी ठाऊक आहे. त्यांनी इथे एक फरक लक्षात घ्यावा. इझनिकची टाइल आपल्या कौलासारखी निव्वळ मातीची नसते. तिच्यात मुख्य भाग गारगोटीच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, भुकटीचा असतो आणि माती व काचेची पूड केवळ बांधून ठेवण्यापुरती. त्यामुळे तिचे अंग पांढरे निघते. त्यावर आणखी पांढरा पातळ लेप, त्यावर रेखाटन व रंग, आणि सर्वांत वर पारदर्शक झिलई देऊन ती सुमारे ९०० अंश तापमानात भाजली जाते. रंग झिलईच्या खाली असल्यामुळेच तो साडेचार शतके टिकला. या पद्धतीत पांढरा हाही एक रंग आहे. नक्षीत मोकळी सोडलेली जागा जितकी स्वच्छ पांढरी, तितकी टाइल सरस, हा ढोबळ निकष माझ्या मते सर्वांत उपयोगी आहे.

गडद निळा कोबाल्टपासून येतो आणि फिरोजी तांब्यापासून. तांबड्याची कथा मात्र वेगळी आहे. तो लोहयुक्त लाल मातीपासून मिळतो. खानापूर-जांबोटीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना जी तांबडी माती दिसते, तिचा रंगही लोहाचाच. पण ती माती भट्टीतून ताज्या टोमॅटोसारखी लाल बाहेर काढणे ही गोष्ट सोपी नाही. ती पातळ लावली तर रंग विटून तपकिरी होतो, म्हणून कारागिरांनी तिचा जाड थर दिला. परिणामी लाल पाकळी टाइलच्या पृष्ठभागावर किंचित उचललेली असते. टाइलच्या समोर उभे न राहता बाजूला सरकावे, डोळा भिंतीच्या रेषेत आणावा आणि खिडकीच्या उजेडात लाल ठिपक्यांच्या कडांवरील बारीक सावली शोधावी. ही सावली दिसली की इझनिकची त्या काळातील टाइल ओळखण्याची खूण हाती आली, असे समजावे. सुलेमानिये मशिदीच्या वेळी हा लाल रंग टाइल्सवर नुकताच आला होता. इथे काही वर्षांतच तो मुबलक वापरलेला दिसतो, आणि सतराव्या शतकात तो पुन्हा मळकट होत गेला.

फुले ओळखणे हा पुढचा भाग. ट्यूलिप इथे इतक्या प्रकारांनी येते की मोजण्याचा मोह होतो: टोकदार पाकळ्यांची, ठिपक्यांची, पोटात दुसरे फूल असलेली. तिच्या जोडीला कार्नेशन, हायसिंथ आणि गुलाब असतात. ही बागेतील खरी फुले ओळखू येतील अशी काढण्याची रीत दरबारी चित्रशाळेचा प्रमुख कारा मेमी याच्या काळात रुजली. त्याआधीची रीत वेगळी होती: लांब, दातेरी, वाऱ्याने पिळवटल्यासारखी पाने आणि कमळाच्या वळणाची काल्पनिक फुले. रुस्तम पाशाच्या मशिदीत या दोन्ही रीती एकाच भिंतीवर, कधी एकाच टाइलवर येतात. एका नमुन्यासमोर उभे राहून त्यातील खरे फूल कोणते आणि कल्पनेतले कोणते, हे वेगळे करून पाहावे. या एका अभ्यासाने संपूर्ण मशीद वाचता येऊ लागते. माणसे किंवा प्राणी मात्र कुठेही शोधू नयेत. मशिदीच्या भिंतीवर ते नसतातच.

सज्जांकडे जाण्याची मुभा असेल तर जरूर जावे, पण तिथल्या सेवकाला विचारूनच. नसेल तर दुर्बीण आहेच.

निळी मशीद आणि पुढे

रुस्तम पाशाची मशीद पाहून झाल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी, निळ्या मशिदीत जावे. पहिला अहमद या सुलतानाने ती १६०९ ते १६१७ च्या दरम्यान सेदेफकार मेहमेद आगा या वास्तुकाराकडून बांधून घेतली. सहा मिनार, २३ मीटरहून अधिक व्यासाचा घुमट आणि शेकडो खिडक्यांतून येणारा प्रकाश यांमुळे ती भव्य आहे, यात शंका नाही. परंतु वरच्या भागातील निळाई ही बरीचशी रंगवलेली नक्षी आहे, टाइल नव्हे. हे दुर्बिणीतून पाहिल्यावर लगेच कळते, कारण रंगवलेल्या भागावर झिलईची चमक नसते. टाइल्सची किंमत सुलतानाने ठरवून दिली होती आणि इतर सर्व वस्तूंचे भाव मात्र चढत होते, त्यामुळे काळाच्या ओघात इझनिकच्या कारागिरांच्या कामाचा दर्जा घसरत गेला. अशा परिस्थितीत त्यांनी केलेले काम म्हणून पाहिले तर ती मशीद अधिक सहानुभूतीने पाहता येते.

ज्यांच्याकडे तिसरी सकाळ असेल त्यांनी कादिर्गा भागातील सोकुल्लू मेहमेद पाशा मशीद पाहावी. तीही सिनानचीच, १५७१-७२ ची, आणि तिथे टाइल्स मेहराबाच्या भिंतीवर एकवटलेल्या आहेत. रुस्तम पाशाच्या मशिदीत सर्वत्र पसरलेले टाइलकाम आणि इथे एकाच भिंतीवर आवरलेले टाइलकाम यांची तुलना करून सिनानचा मूळ कल कोणता होता, हे ज्याने त्याने ठरवावे. ही मशीद निळ्या मशिदीपासून उतारावर पायी अंतरावर आहे आणि तिथे गर्दी नसते.

टाइल विकत घेताना

बाजारात टाइल्स, ताटल्या आणि वाट्यांची रेलचेल असते. त्यांतील बराच माल आज क्युताह्या येथे बनतो आणि त्यात हाताने रंगवलेला व छापील असे दोन्ही प्रकार असतात. छापील टाइलवर रेषा सर्वत्र सारख्या जाडीची असते आणि एकाच नमुन्याच्या दोन टाइल्स शेजारी ठेवल्या तर त्या तंतोतंत जुळतात. हाताच्या कामात दोन पाकळ्याही सारख्या नसतात. लाल रंगावरून बोट फिरवून उठाव लागतो का, हे पाहावे. दुकानातील टाइलला हात लावण्यास हरकत नसते. क्वार्ट्झची टाइल महाग असते, साध्या मातीची स्वस्त. नेताना दोन टाइल्स समोरासमोर न ठेवता मध्ये जाड कापड घालून हातातील सामानात न्याव्यात.

कोणी 'जुनी, मशिदीतून निघालेली' टाइल म्हणून काही दाखवू लागला तर ती खरी असो वा खोटी, घेऊ नये. तुर्कस्तानातून पुरावस्तू बाहेर नेणे हा गुन्हा आहे आणि विमानतळावर त्याबद्दल अटक होऊ शकते. नवी टाइल घेतली तरी दुकानाचे बिल जपून ठेवावे आणि विचारल्यास तेच दाखवावे.